कवडी, कापूस आणि २१०४ करडे फोटो

दिवाळीला घरी आली ती अजून इथंच आहे, राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात. दुसरा वेचा घरात येऊन पडलाय, समोरच्या खोलीत कमरेएवढा कापूस, त्यातूनच वाट काढत आत जावं लागते आणि जाऊन आलं की हातापायाला खाज सुटते ती वेगळी. ओसरीवर आजी कापसातून कवडी, म्हणजे खराब कापूस, निवडत बसते आणि तिच्या बाजूला खाटेवर मी लॅपटॉप घेऊन. ती कापूस निवडते, मी फोटो निवडते, असं चार दिवसांपासून चालू आहे.

परवा बाबा वावरातून आले, पाणी पिता पिता म्हणाले, "काय करून राहिली वो दिवसभर?"

"फोटो पाहून राहिली."

"कायचे?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. करडा चौकोन, त्यात थोडे जास्त करडे ठिपके. बाबांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "हे त आपल्या जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं दिसते." एकदम बरोबर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलापण तेच वाटलं होतं, फक्त लॅबमध्ये सगळ्यांसमोर बोलायची हिंमत नाही झाली.

"असे किती?"

"दोन हजार एकशे चार."

"बाप्पा!"

तर हे फोटो म्हणजे क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे. प्रोटीनचं पाणी (माझं प्रोटीन कोणतं ते नाही सांगत, पेपर व्हायचाय) ३ मिलीमीटरच्या तांब्याच्या जाळीवर (तिच्यावर बारीक भोकांचा कार्बनचा पापुद्रा असते) टाकायचं, जास्तीचं टिपकागदाने टिपून घ्यायचं आणि जाळी सपकन थंडगार द्रव इथेनमध्ये बुडवायची. इतक्या झटक्यात गोठते की पाण्याला स्फटिक व्हायला वेळच भेटत नाही, काचेसारखं राहून जाते, त्यालाही आम्ही बर्फच म्हणतो. ही युक्ती जाक दुबोशे आणि त्यांच्या माणसांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गमध्ये जमवली आणि २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना मिळून भेटलं. आता इलेक्ट्रॉन जास्त मारले तर प्रोटीन जळून जाते, कमी मारले तर काही दिसत नाही, म्हणून कमीच मारतात आणि म्हणून टीव्हीवरच्या मुंग्या. मग त्या मुंग्यांमधून लाखभर ठिपके (एक ठिपका म्हणजे प्रोटीनचा एक कण) वेचून, त्यांची सरासरी काढून एक थ्रीडी आकार उभा करायचा. पण ते पुढचं. त्याच्या आधी कोणते फोटो पुढे पाठवायचे आणि कोणते नाही, ते बसून ठरवायचं. लॅबमध्ये या कामाला कोणी काम समजत नाही. नवीन पोट्ट्यांवर टाकतात.

आता गावात बसून हे जमते कसं, तर त्याची वेगळी तयारी करून आणली. कॅमेरा ४०९६ बाय ४०९६ चा आहे, एका फोटोची फाईल (तिला एमआरसी म्हणतात) ६४ एमबीची, म्हणजे सगळ्या मिळून १३० जीबीच्या वर. माझ्या लॅपटॉपला ते झेपत नाही आणि इथल्या नेटवर तर नावच नका काढू, व्हॉट्सॲपचा फोटो यायला गोल गोल फिरत राहते. त्यात एक फोटो म्हणजे खरं तर एक फोटो नसतेच, छोटा सिनेमा असते, माझ्या डेटात ४० फ्रेमचा, कारण इलेक्ट्रॉन पडले की बर्फ हलते आणि ती हलचाल फ्रेम एकावर एक नीट बसवून काढून टाकावी लागते. ते सगळं लॅबच्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर, आधीच करून घेतलं होतं. गेन रेफरन्सपण (कॅमेऱ्याच्या पिक्सेलांमधला कमी-जास्तपणा काढायला लागणारा फोटो) तिथंच तपासून घेतला, तो उलटा नाहीतर आडवा लागला की प्रत्येक फोटोवर चौकटी-चौकटी दिसतात आणि नवीन माणसाला वाटते की मायक्रोस्कोपच बिघडला. मग प्रत्येक फोटो चार पटीने लहान केला, १०२४ बाय १०२४, आठ बिटचा, बाजूला त्याचा पॉवर स्पेक्ट्रम चिकटवला आणि सगळं मिळून एका पेनड्राईव्हवर बसवलं. सोबत एक एक्सेल शीट, त्यात प्रत्येक फोटोचे आकडे. मूळ फाईल तिकडेच, त्यांना हात नाही.

सांगायला सोपं आहे पण या तयारीतच मी दोनदा तोंडावर पडली, आणि दोन्ही वेळा लय उशिरा कळलं.

पहिली चूक पॉवर स्पेक्ट्रमची. हा म्हणजे फोटोचा फुरिए ट्रान्सफॉर्म काढून (फोटोत किती जाड, किती बारीक माहिती आहे ते वेगळं करणारं गणित) बनवलेलं चित्र, त्यात गोल गोल कडी दिसतात, कांद्याची चकती कापल्यावर दिसतात तशी, फक्त बाहेर जाता जाता कडी एकमेकांच्या जवळ जवळ येत जातात. यांना थॉन रिंग म्हणतात, फ्रीडरिख थॉनने १९६६ मध्ये दाखवल्या. फोटोत मुंग्यांशिवाय काहीच दिसत नसलं तरी या कड्यांवरून फोटोची तब्येत कळते, त्यामुळे मी तर फोटोच्या आधी तेच पाहते. तर मी काय केलं, आधी फोटो लहान केले आणि लहान फोटोंवरून स्पेक्ट्रम काढले, कारण पटापट होते. सगळे कसे एकदम साफ! मी खूश. सिनिअर दादाने सहज पाहिलं आणि विचारलं, "बर्फाची रिंग एकाही फोटोत नाही? एवढी चांगली ग्रिड कोणाची असते बे?" (ग्रिड म्हणजे तीच जाळी.) मग ट्यूब पेटली. पाण्याचे स्फटिक झाले असले तर साधारण ३.७ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग) आसपास एक चकचकीत कडं दिसते. माझा मूळ पिक्सेल १.०७ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे त्याच्या दुप्पट, २.१४ पर्यंतचं त्यात दिसू शकते, पण चार पटीने लहान केला की पिक्सेल झाला ४.२८ चा आणि दिसायची हद्द आली ८.५६ वर. ३.७ चं कडं त्या चित्राच्या बाहेरच राहिलं, दिसणार कुठून? फोटो लहान करा हजारदा, पण स्पेक्ट्रम मूळ मोठ्या फोटोवरूनच काढायचा, नंतर पाहिजे तर त्या चित्राला लहान करा.

दुसरी चूक जास्त चोरटी होती. करड्या रंगाचे आकडे आठ बिटमध्ये बसवायचे म्हणजे कुठून काळा आणि कुठपर्यंत पांढरा ते ठरवावं लागते. मी आधी सगळ्यात लहान आकडा काळा आणि सगळ्यात मोठा आकडा पांढरा असं केलं. एखाद्या फोटोत एकच पिक्सेल वेडा झाला की तोच पांढरा आणि बाकी सगळा फोटो चिखलासारखा एका रंगाचा. म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) घ्यायचे आणि त्याच्या बाहेरचं कापून टाकायचं. इथपर्यंत कोणीही सांगते. पण त्यानंतर जे होते ते मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक फोटोला त्याच्याच सरासरीवर ताणलं की सगळे फोटो सारखेच उजळ दिसायला लागतात, पातळ बर्फाचे, जाड बर्फाचे, कार्बनवर घेतलेले, रिकाम्या भोकाचेपण. जाड बर्फातून इलेक्ट्रॉन कमी येतात, तो फोटो खरं म्हणजे अंधारा असते, आणि आपणच त्याला पावडर लावून गोरा करून ठेवतो. म्हणून आता मी मूळ फोटोची सरासरी उजळता एक्सेलमध्ये वेगळ्या कॉलममध्ये ठेवते आणि फोटो त्या क्रमाने लावूनपण एकदा पाहून घेते.

हे मी आजीला सांगितलं नाही, पण तिनेच एक गोष्ट अशी सांगितली की मी खाटेवर उठून बसली. रोज दिवेलागणीला ती हात झटकून उठते, कवडीचं पोतं अर्धं राहिलं तरी. मी म्हटलं, आजी, बल्ब लावून देऊ का? तर म्हणे, "नको वो माय, बल्बात पिवया कापूस बी पांढराच दिसते. सकाऊन पाहाव त सारी कवडी." कवडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किडकं बोंड नीट फुटत नाही, त्यातला कापूस पिवळा पडून गच्च राहते, गोळ्यासारखा, ती कवडी. चांगल्या कापसात ती राहिली की भाव पडते.

आता निवडायचं काय, ते सांगते. काही फोटो पाहताबरोबर जातात. कार्बनची कड अर्ध्या फोटोत आलेली, बर्फाला तडा गेलेला, भोकात बर्फच नाही, नाहीतर बाहेरून बर्फाचे मोठे काळे गोळे येऊन बसलेले, गारा पडल्यासारखे. हे फेकायला डोकं लागत नाही. पण इथंपण मी आता घाई करत नाही, कोपऱ्यात एकच गार असली आणि बाकी फोटो चांगला असला तर तेवढा कोपरा झाकून बाकीचे ठिपके वेचता येतात, एका गारेपायी पूर्ण वावर कोणी नांगरून टाकत नाही.

मग स्पेक्ट्रम. कडी गोल असली तर बरं. लांबट असली, म्हणजे कांदा तिरपा कापल्यासारखी, तर ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांना फोकस वेगवेगळा. दोन बाजूंनी पुसल्यासारखी आणि दोन बाजूंनी शाबूत असली तर फोटो काढताना जाळी सरकली आणि ते दुरुस्तीतून निघालं नाही. कडी एक-दोनच दिसून आतल्या आतच विरून गेली तर त्या फोटोत बारीक माहिती नाहीच. आणि ३.७ वर चकचकीत कडं असलं तर स्फटिक झालेला बर्फ. यातलं बरंच सीटीएफफाइंड नावाचा प्रोग्राम आकड्यातपण देते, रोहू आणि ग्रिगोरिएफ यांनी २०१५ मध्ये त्याची चौथी आवृत्ती छापली तीच अजून लोक वापरतात, नाहीतर जीसीटीएफ. डिफोकस (फोकस मुद्दाम किती हलवला) किती, ॲस्टिग्मॅटिझम किती, आणि कडी कितव्या अँगस्ट्रॉमपर्यंत बरोबर जुळली (हा आकडा जेवढा मोठा तेवढी बारीक माहिती कमी). माझे डिफोकस १ ते २.५ मायक्रॉनच्या मध्ये ठेवले होते, शीटमध्ये एखादा ६ मायक्रॉन दिसला तर समजायचं की प्रोग्रामनेच गोता खाल्ला, तो फोटो उघडून डोळ्याने पाहायचा.

आकड्यांवर एक कटऑफ लावला की पाच मिनिटात काम होते. ६ अँगस्ट्रॉमच्या वर जेवढे तेवढे बाहेर. मशीन लर्निंगवालेपण आहेत, मिकअसेस नावाचा प्रोग्राम चांगले-वाईट फोटो आपोआप वेगळे करते. मी त्याच्या विरोधात नाही, हजारो फोटो रोज येतात तिथं दुसरं काय करणार. पण माझ्यासोबत जे झालं त्यानंतर माझा हात कटऑफ लावताना थोडा थरथरते.

झालं असं की पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी असाच ५ अँगस्ट्रॉमचा कटऑफ लावला, त्याच्या वरचे जेवढे होते तेवढे फोटो फोल्डरमधून डिलीट. मूव्ह नाही, डिलीट. डिस्क भरली होती, ग्रुपवर रोज मेसेज येत होते की जागा खाली करा, आणि मला वाटलं आपण किती शिस्तीचं काम केलं. पुढे दोन महिने ठिपके वेचले, वर्गवारी केली, थ्रीडी काढला, तर आकार एका बाजूने ओढल्यासारखा, च्युइंगम ताणावं तसा. कारण माझ्याकडे प्रोटीनचा वरूनच घेतलेला चेहरा होता, बाजूचे जवळपास नव्हतेच. पातळ बर्फात प्रोटीन हवा आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन चिकटते आणि बहुतेक एकाच अंगावर पडते, तव्यावर सगळ्या भाकरी पालथ्या पडल्यासारखं. जरा जाड बर्फात मध्येच तरंगणारे, उभे, तिरपे असे काही राहून जातात. आणि जाड बर्फाचे फोटो कसे असतात? अंधारे, कमी कॉन्ट्रास्टचे, कडी लवकर विरणारे. म्हणजे कटऑफने बरोबर तेच काढून टाकले होते. माझे उभे ठिपके मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले होते. मूळ डेटाची एक कॉपी दादाने कोणाला न सांगता जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली होती म्हणून वाचली, नाहीतर परत मायक्रोस्कोपच्या टाइमसाठी नंबर लावा आणि महिनोन् महिने वाट पाहा. त्या डिस्कवरून जाड बर्फाचे दोनशेच्या आसपास फोटो परत घेतले तेव्हा आकार सरळ झाला. पूर्ण नाही, पण दाखवण्यासारखा.

तेव्हापासून माझे तीन ढीग असतात. चांगला, वाईट आणि पाहू. वाईटसुद्धा डिलीट होत नाही, फक्त शीटमध्ये समोर शून्य लिहायचं. आजीचेपण तीनच ढीग आहेत हे मला इथं बसल्यावर दिसलं, पांढरा कापूस, कवडी आणि मधला एक, ज्याला नाव नाही, त्यातून ती दुसऱ्या दिवशी परत निवडते. कवडीपण फेकत नाहीत, कमी भावाने विकते नाहीतर घरच्या गाद्या-उशांत भरतात. मी आत्ता ज्या उशीला टेकून लिहून राहिली तिच्यात तीच आहे, गठ्ठे टोचतात.

उगाच जास्त साम्य जुळवत नाही, कापूस हाताला कळते, माझे फोटो हाताला कळत नाहीत, आणि आजीचा माल संध्याकाळी दिसते, माझा चुकला की बरोबर ते सहा महिन्यांनी. पण डोळ्याचं एक सारखंच आहे. पहिले शंभर फोटो मी इतके कडक पाहते की निम्मे फेकावेसे वाटतात. हजारच्या आसपास सगळेच चांगले वाटतात. दुपारी जेवण झाल्यावर तर विचारूच नका. म्हणून दोन गोष्टी करते, एक तर फोटो ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने पाहतच नाही, स्क्रिप्टने पिसून टाकते, कारण जाळीच्या एका चौकोनातले फोटो सहसा सारखे असतात आणि ओळीने वीस वाईट पाहिले की एकविसावा साधारणसुद्धा सोन्यासारखा वाटते. आणि दुसरं म्हणजे आधी पाहिलेल्यातले पन्नास फोटो नाव लपवून परत मध्ये घुसवते, आपलंच उत्तर आपल्याशी जुळते का पाहायला. पहिल्या दिवशी पन्नासातले तेरा जुळले नाहीत. तेरा!

आणि हो, ओळखीचं दिसते म्हणून फोटो चांगला असं धरायचं नाही. मुंग्यांमध्ये जे मनात आहे तेच दिसते. हेंडरसननेच २०१३ मध्ये याच्यावर लिहिलं होतं, नुसत्या गोंधळाचे हजार फोटो, त्यात काहीच नाही, ते आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवत जुळवत सरासरी काढली तर आइन्स्टाइनचा चेहरा उमटते. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तुमच्या साहेबाले कसं कळते का तू खरंच पाह्यलं?" माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मग म्हटलं, डेटाचे दोन भाग करून वेगवेगळे चालवतात, दोन्हीकडे सारखं आलं तर धरतात. ते हुं म्हणाले, पटलं नाही बहुतेक.

त्यांना न पटायचं कारण आहे. मागच्या हंगामात हिंगणघाटला गाडी नेली होती, एका व्यापाऱ्याच्या माणसाने वरून एक मूठ घेतली, दाबली, ओला आहे म्हणाला आणि पूर्ण गाडीचा भाव पाडला. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर निदान मीटर लावतात, ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर कापत जातात आणि १२ च्या वर गेला तर मालच घेत नाहीत. पण मीटरपण लावते वरच्याच मुठीला. खालचा कापूस कोरडा होता, बाबा सांगून राहिले होते खालून काढून पाहा, पण मागे गाड्यांची रांग. मी त्या रांगेत गाडीवर बसून होती आणि खरं सांगते, मला माझा ५ अँगस्ट्रॉमचा कटऑफच आठवला.

आत्तापर्यंतचा हिशोब असा: १२७४ चांगले, २३१ शून्य, ४१९ पाहू. १८० राहिलेत.

काल संध्याकाळी आजी उठली, पदर झटकला, ढिगावर पोतं टाकलं आणि माझ्या स्क्रीनकडे पाहत म्हणाली, "तुह्या डब्ब्यात त लाइट आतूनच हाय, तुले काहून थांबा लागते?" मलापण वाटलं बरोबर आहे. लाईन होती, चार्जिंग होतं, बाबा रात्री बाराच्या लाईनला चण्याला पाणी द्यायला जाणार होते तर तसंही जागंच राहायचं होतं. बसली आणि चाळीस फोटो पाहून टाकले, धडाधड, एकपण पाहूमध्ये नाही, इकडे नाहीतर तिकडे. सकाळी चहा पिता पिता तेच चाळीस परत उघडले. अकरा बदलावे लागले. त्यातले नऊ मी रात्री शून्य केले होते, आणि नऊच्या नऊ जाड बर्फाचे.

म्हणून १८० चे परत १८०. आजी अजून आंघोळीला गेली नाही, ऊन ओसरीवर यायचंय.